वाशीची दुसरी ऑर्डर

पूर्ण झालेली ऑर्डर उघडत का नाही, हा प्रश्न मला सतत कुणीतरी विचारत असतं. धाराशिवात मी हिशोबाच्या सॉफ्टवेअरचे वर्ग घेते आणि दुकानदारांकडं जाऊन त्यांचं कॉम्प्युटरवरचं काम लावूनही देते. भूम, वाशी, बेंबळी, जिथून फोन येईल तिथं एसटीनं जायचं, चहा प्यायचा आणि तेच ऐकायचं. "मॅडम, कालची ऑर्डर उघडंना झालीय. कुलूप बसलंय बघा." जसं काही ते कुलूप मीच लावून किल्ली पर्समध्ये घालून फिरते.

मग मी सांगते. गिऱ्हाइकानं माल मागितला, तुम्ही ऑर्डर टाकली. ती चालू आहे तोवर पाहिजे तेवढी खाडाखोड करा, कुणी काही म्हणत नाही. पण एकदा माल गेला, बिल फाडलं, तुमचा साठा तेवढा उतरला, समोरच्यानं त्याच्याकडं ती खरेदी धरली, जीएसटीचा तपशील वर गेला, की ती ऑर्डर एकटी राहत नाही. तिच्या आधारावर बाकीचं सगळं उभं असतं. उतरंडीतलं खालचं गाडगं ओढल्यावर वरची जागेवर राहतील का? म्हणून ती पूर्ण झाली की पडद्यावर करडी होते आणि कुणाला दाद देत नाही. चूक झाली असेल तर ती पुसायची नाही, तिच्या शेजारी दुसरी नोंद करायची. माल परत आला, अशी. किंवा कमी भरला, अशी. दोन्ही राहू द्यायच्या.

हे मी इतक्यांदा बोलले आहे, की झोपेतून उठवलं तरी घडाघडा सांगेन. लोकांना ते पटतं असं नाही. माझं दुकान, माझा कॉम्प्युटर, आणि तो मलाच अडवतो होय, असं त्यांना वाटतं. मला त्याचा राग यायचा. ज्यानं त्यानं आपली कालची गोष्ट आज सोयीनं बदलायला बसावं, याचाच मला मुळात राग आहे. घरात सगळे म्हणतात, हिचा स्वभावच तसा, खडूस.

भूमला माझ्या थोरल्या बहिणीची खव्याची भट्टी आहे. आक्का आणि दाजी मिळून ती चालवायचे. आसपासच्या वस्त्यांवरून दूध यायचं, मोठाल्या कढयांत आटायचं, आणि खव्याचे गोळे बटर पेपरात गुंडाळून डब्यांत बसायचे. लांबच्या हलवायांचा माल एसटीनं जायचा. जवळपासचा माल दाजी स्वतः मोटारसायकलला डबा बांधून पोचवायचे.

दाजींना हिशोबाचं वावडं होतं. खव्यातलं पाणी उडतं, पोचेपर्यंत वजन थोडं उतरतं, हे धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असतं. तरी गिऱ्हाईक फोनवर "कमी भरला ओ" म्हणालं, की दाजी ऑर्डरच बदलून टाकायचे. चाळीसची एकोणचाळीस. भांडणाला जागाच नको. कुलूप बसायला लागल्यावर त्यांचं ते बंद पडलं, आणि त्यांनी मला मास्तरीण म्हणायला सुरुवात केली.

"मास्तरीण, तुझ्या मशीनला माणुसकी न्हाय बघ. एवढं एक किलो ऐकंना."

"दाजी, त्या किलोची वेगळी नोंद करायची. बसा, शिकवते."

"शिकव तुझ्या आक्काला. म्या आपला बैल हाय. वझं घाला, नेतो."

आक्का शिकली. माझ्याहून हळू पण माझ्याहून नीट. कॉम्प्युटरवर तिनं स्वतः विणलेला रुमाल घातला, त्याला दसऱ्याला झेंडूचा हार घातला, आणि नवऱ्याला त्याच्या जवळ तंबाखू मळायची बंदी केली. ऑर्डर पूर्ण होऊन करडी झाली की तिला भांडी घासून पालथी घातल्यासारखं वाटायचं. तसं तिनंच मला सांगितलं होतं.

लग्नाच्या ऑर्डरीची आमच्याकडं एक रीत आहे. पहिल्या फोनला कुणीही खरा आकडा सांगत नाही. खवा नासणारा माल, उरला की आंबला. म्हणून मुलीचा बाप हात आखडून सांगतो. मग आचारी येतो, खवा मळायला घेतो, मान हलवतो, आणि भट्टीवाल्याला फोन जातो, अजून पाठवा. दाजींना हे पाठ होतं. ते सांगितल्यापेक्षा जास्तीचा खवा डब्यात घालूनच निघायचे. लागला तर तिथंच द्यायचा, नाही लागला तर येताना एखाद्या हॉटेलात टाकायचा. नोंद कशाचीच नाही. साठ्याचा मेळ कधी बसायचा नाही. आक्का कॉम्प्युटरवर बसायला लागली आणि तिनं ते मोडून काढलं. ऑर्डरीत आहे तेवढंच न्यायचं. दाजी म्हणाले, एक मास्तरीण कमी होती का. पण ऐकलं. बायकोचं ऐकण्यात त्यांना कमीपणा वाटायचा नाही.

मागच्या लग्नसराईत, उसाचे कारखाने चालू होते तेव्हा, वाशीच्या एका घरातून चाळीस किलोची ऑर्डर आली. मुलीचं लग्न, गुलाबजाम करायचे. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी दाजींनी माल नेऊन दिला, तिथूनच आक्काला फोन केला, तिनं बिल काढलं, ऑर्डर पूर्ण झाली. दुपारी मुलीच्या वडलांचा फोन आला. आचारी म्हणतोय, दहा किलो तरी अजून लागेल. आक्कानं सकाळचीच ऑर्डर उघडायला घेतली. ती कशाला उघडते? तिनं मला फोन लावला. मी वर्गात होते.

"अगं, ह्यात दहा वाढवायचेत. घेईना बघ."

"आक्का, ती झाली ना पूर्ण. नवी टाक."

"व्हय की. इसरलेच."

एवढंच बोलणं झालं. थोड्या वेळानं तिनं मला अंगठ्याचं चित्र पाठवलं. म्हणजे जमलं.

दाजी तेव्हा जेवायला बसले होते. ती म्हणाली, वाशीला अजून एक खेप करावी लागतीया. ते म्हणाले, सकाळीच डब्यात घातलं असतं तर. रागानं म्हणाले नाहीत, ते रागवायचेच नाहीत, हसत म्हणाले. भाकरी संपवली, नवा खवा आटून त्याचं वजन होईपर्यंत थांबले, डबा बांधला आणि गेले. वाशीच्या अलीकडं रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. मागं दिवा नाही, लाल फडकं नाही, एक दगडसुद्धा ठेवलेला नाही. दिवस बुडायला आला होता. धाराशिवला आणेपर्यंत दाजी राहिले नाहीत. मी गावातच असल्यामुळं दवाखान्यात सगळ्यांच्या आधी मीच पोचले. त्यांच्या शर्टाला दुधाचा वास येत होता. नेहमीसारखा.

अजूनही तशी ट्रॉली दिसली की मी एसटीच्या खिडकीतून शिव्या देते. मनातल्या मनात नाही, तोंडानं. लोक बघतात. बघू देत.

माझे दाजी फार चांगले होते. मी लग्न करणार नाही म्हणाले तेव्हा आमच्या घरातल्या सगळ्यांनी तोंड फिरवलं होतं. वर्ग काढण्यासाठी मला जागा मिळाली, पण टेबलं न्यायला माणूस मिळेना. दाजी भूमहून टेम्पो घेऊन आले, एकटे टेबलं उतरवत बसले, आणि जाताना म्हणाले, पोरी लई झाल्या तर आजून एक टेबल आणतो. त्यांच्याशिवाय मला कुणी मास्तरीण म्हणत नव्हतं. आता कुणीच म्हणत नाही.

डबा फुटला नव्हता. कुणीतरी तो रस्त्यावरून उचलून बाजूला ठेवला होता, दुसऱ्या दिवशी घरी आणून दिला. तो उघडायचं कुणालाच सुचलं नाही. ओसरीवर आंबूस वास सुटला तेव्हा आक्काच्या सासूबाईंनी तो परसात नेला आणि आतला खवा मातीत पुरला. डबा घासून उन्हात ठेवला. पोटचा मुलगा गेलेल्या बाईनं हे सगळं न बोलता केलं.

भट्टी बंद पडली. म्हशी काही दूध द्यायच्या थांबत नाहीत, म्हणून पलीकडच्या भट्टीवाल्यांनी आमच्याकडं येणारं दूध आपल्याकडं वळवून घेतलं आणि निरोप धाडला, वहिनींना वाटेल तेव्हा परत नेऊ द्या. तेरावा झाला. पाहुणे गेले. मी दर रविवारी जात होते. आक्का जेवायची, बोलायची, सासूच्या गोळ्या वेळेवर द्यायची. फक्त कॉम्प्युटरच्या खोलीत जायची नाही. रुमालावर धूळ बसली होती.

एका रविवारी ती आपणहून त्या खोलीत आली आणि माझ्याजवळ बसली.

"ते सुरू कर," ती म्हणाली.

मी सुरू केलं. ते सॉफ्टवेअर उघडलं की आधी राहिलेल्या ऑर्डरी दाखवतं. एकच होती. वाशी, खवा दहा किलो, बाकी. ती तिनं बघितली. तिला ती तिथं असणार हे माहीत होतं, म्हणूनच ती इतके दिवस खोलीत आली नव्हती.

"हे दहा सकाळच्यात घाल."

मला आधी कळलं नाही.

"सकाळची चाळीसची हाय ना. ती पन्नासची कर. म्हंजे एकाच खेपंत गेलं असतं."

तिचा आवाज अगदी साधा होता. मीठ आणायला सांगावं तसा. माझ्याकडं या प्रश्नाचं पाठ उत्तर होतं, पण त्यातले तीनच शब्द बाहेर आले.

"आक्का, ती पूर्ण झालीय."

"ठाव हाय मला. तुझ्याकडं पासवर्ड हाय."

"हाय."

"मग उघड की. कुणाचं काय जातंय? म्याच त्यांना म्हणलं, ऑर्डरीत हाय तेवढंच न्यायचं. न्हायतर ते नेतच व्हते की जास्तीचं. पैल्यापास्नं नेत व्हते." ती थांबली. "मला माहिती हाय, ते काय परत येत न्हायत. पण मला ते असं येगळं दिसू नाय. दोन-दोन."

पासवर्ड माझ्याकडं होता. बिल मागं घ्यायचं, चाळीसचे पन्नास करायचे, बिल पुन्हा काढायचं. चहा थंड व्हायच्या आत झालं असतं. जीएसटीचा घोळ झाला असता तर मी तोही निस्तरला असता. त्या दिवशी माझ्या तत्त्वांचं मला काही पडलं नव्हतं. माझी बहीण माझ्यासमोर बसून एवढंसं मागत होती आणि माझी बोटं कीबोर्डवर गेलीसुद्धा.

मग मला दिसलं ते मी तिला सांगितलं, जसं सुचलं तसं.

"आक्का, सकाळची पन्नासची केली तर दुसरी ऑर्डर राहतच नाही. मग दाजी सगळा माल सकाळीच देऊन आले, असं होतं."

"व्हय. तसंच पायजे."

"मग संध्याकाळी ते त्या रस्त्यावर कशाला होते?"

ती रुमालाची कड बोटांनी चाळवत राहिली.

"कुणी विचारलं तर काय सांगायचं? काम नव्हतं, काही नव्हतं, उगाच गेले? सकाळची ऑर्डर त्यांनी स्वतः पुरी केलीय. चाळीस म्हणाले, चाळीस पोचवले. ती त्यांची आहे. आणि दुसरी आहे म्हणून त्यांच्या जाण्याला कारण आहे. ती पुसली तर कारणच राहत नाही."

आक्का पडद्याकडं बघत बसली. बाहेर सासूबाई कुणाशी तरी बोलत होत्या, त्यांचा आवाज येत होता. मला वाटलं आता ही रडेल. ती रडली नाही.

"मग ही अशीच लोंबकळत ठिवायची?"

"रद्द करता येते. पण त्यासाठी समोरच्याला विचारावं लागतं. आता माल नको ना, म्हणून."

"इचार मग," ती म्हणाली. "माझ्यासमोर इचार."

वाशीच्या त्या गृहस्थांचा नंबर ऑर्डरीतच होता. लग्न घरात असल्यामुळं ते अंत्यविधीला येऊ शकले नव्हते. नंतर येऊन ओसरीवर बसून गेले होते, तेव्हा आक्का आत होती. मी फोन लावला. मी कोण ते सांगितलं. ते लगेच गहिवरले. आक्काची चौकशी केली, सासूबाईंची केली. मग मी त्या दहा किलोंचं विचारलं, ती ऑर्डर अजून बाकी दिसतेय म्हणून.

"ते सोडा ओ ताई," ते म्हणाले. माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणूनच म्हणाले, हे मला आजही पक्कं ठाऊक आहे. "त्याची काळजी तुमी करू नका. आचाऱ्यानं वाट बघितली, मग गोळी जरा बारीक केली. समदं पुरलं. उरलं बी थोडं. तुमी त्याचं मनावर घेऊ नका."

मी हूं म्हणाले. अजून काय म्हणाले आठवत नाही. फोन ठेवला.

आक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. इतके दिवस तिचे डोळे कुठं ठरत नव्हते, ते आता माझ्यावर ठरले होते.

"काय म्हणले?"

लोकांच्या नोंदी मी डोळ्यांत तेल घालून तपासते. एका आकड्यासाठी मी दुकानदारांना दिवसभर बसवून ठेवलेलं आहे.

"कमी पडलं म्हणाले," मी म्हणाले. "वाट बघत होते."

"म्हंजे लागत व्हतं."

"हो. लागत होतं."

तिनं पदर तोंडाला लावला आणि तेव्हा ती रडली, दाजी गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी रडली. सासूबाई दारात आल्या आणि तशाच परत गेल्या. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, बरं केलं आपण. खरं म्हणजे मला अभिमानच वाटला स्वतःचा. इथवर सगळं ठीक होतं.

डोळे पुसून आक्का उठली. "मग त्यांचं द्यायचं राहिलंय की," ती म्हणाली.

"आता लग्न झालं त्यांचं, आक्का."

"झालं म्हणून काय झालं. ते द्यायला निघाले व्हते. पोचलं न्हाय. ते पोचवाय पायजे."

मी पुष्कळ सांगितलं. ते आता काय करतील दहा किलो खव्याचं, उन्हाळा तोंडावर आलाय, त्यांनाच अडचण होईल. ती ऐकत नव्हती. पलीकडच्या भट्टीवर निरोप गेला, उद्या सकाळचं दूध आमच्याकडं पाठवा म्हणून. सासूबाई म्हणाल्या, वर्ष व्हायच्या आत कुणाच्या दारात जाशील, त्यांच्या घरी नुकतंच कार्य झालंय, बरं दिसतं का. आक्का म्हणाली, उंबरा वलांडत न्हाय, बाहिरून देऊन येते. मी सोमवारचा वर्ग रद्द केला.

परसात जाऊन मी वाशीला पुन्हा फोन केला. काय झालं ते सांगितलं.

"ताई, त्यांच्याशी मी खोटं कसं बोलू?" ते म्हणाले. "माझ्या लेकीच्या लग्नापायी ते गेले."

"तुम्ही काही बोलू नका. फक्त घ्या."

"घेतो," ते म्हणाले. "घरात सांगून ठेवतो."

सकाळी आक्कानं भट्टी पेटवली. कामाच्या बायका तिनं बोलावल्या नाहीत. एकटीच कढईपुढं उभी राहिली, दूध खाली लागू नये म्हणून लांब दांड्याचं उलथनं एकसारखं फिरवत. मी मध्येच हात लावायला गेले तर म्हणाली, तुझ्याच्यानं करपंल, बाजूला सर. खवा झाला, निवला, तिनं वजन केलं. काटा दहाच्या थोडा पुढं गेला तरी तिनं वरचं काढलं नाही, राहू दिलं. तोच डबा घेतला. घासून ठेवलेला होताच.

दुपारच्या एसटीनं आम्ही निघालो. कंडक्टर म्हणाला डबा खाली ठेवा, तिनं मांडीवरच धरला. ट्रॉली उभी होती ती जागा कुठली ते मला माहीत होतं, तिला नव्हतं. मी खिडकीशी बसले आणि तिला आतल्या बाजूला बसवलं. ती जागा येऊन गेली तेव्हा ती समोरच्या बाईच्या लेकराकडं बघत होती.

वाशीच्या त्या घराला लग्नाचं तोरण अजून होतं, आंब्याची पानं वाळून वाजत होती. ते गृहस्थ आणि त्यांच्या मंडळी दोघं दारात उभे होते, म्हणजे वाटच बघत असणार. आक्का पायरीपाशी थांबली. बाई खाली उतरून आल्या, तिचा हात धरला.

"आत या, असं काय?"

"नको. मी हितं बरी हाय."

"या वो. आमी तसलं काय मानत न्हाय."

आक्का हलली नाही. तेव्हा त्या बाईंनी एक सतरंजी आणून ओट्यावर टाकली आणि स्वतःही तिच्याजवळ बसल्या. चहा आला. आक्कानं डबा दोन्ही हातांनी पुढं केला. "त्या दिवशीचं हाय," ती म्हणाली.

मी त्या बाईंच्या नवऱ्याला सांगितलं होतं, काही बोलू नका. बायको बोलणार नाही असं कुठं ठरलं होतं? त्या बाईचं मन मायेचं होतं. समोर ओली जखम घेऊन आक्का बसलेली, तिला काहीतरी द्यावं, म्हणून तिनं नवऱ्यानं सांगून ठेवलेल्यात आपली भर घातली.

"लई कमी पडलं बघा त्या दिवशी," ती म्हणाली. "शेवटची पंगत तशीच उठली. जावईबापूच्या घरची माणसं व्हती. तुमचा खवा पायजेच व्हता."

मला तिचं तोंड दाबावंसं वाटलं. आक्काचा चेहरा मी बघितला. तिनं चहाचा कप खाली ठेवला, पदर नीट केला आणि त्या बाईला हात जोडले.

"लेकीच्या लग्नात आमच्यामुळं कमी पडलं," ती म्हणाली. "पोटात घाला. ते कधी कुणाचं अडवत नव्हते. ह्याच वक्ताला झालं."

"अहो, असं काय करता," बाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फुटला.

"न्हाय. पंगत उठणं बरं न्हवं. लेकीला सासरी कुणी बोललं असंल तर आमच्यामुळं. तिला बी सांगा, मावशीनं माफी मागितली म्हणून." आणि माझी आक्का, जिला मी कुणापुढं वाकलेलं पाहिलं नव्हतं, खाली वाकून त्या बाईच्या पायाला हात लावायला लागली. बाईंनी तिला धरलं. त्या हमसाहमशी रडत होत्या आणि रडता रडता माझ्याकडं बघत होत्या. आता काय करू, असं विचारत होत्या.

ते गृहस्थ डबा उचलून आत गेले. आम्ही निघेपर्यंत ते बाहेर आले नाहीत. रिकामा डबा बाईंनीच आणून दिला, त्यात नारळ घातला होता.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. आक्का खिडकीशी बसली. बरंच अंतर गेल्यावर म्हणाली, "लई चांगली माणसं हायत. एवढं झालं, पण कुणी रागावलं न्हाय."

"हो," मी म्हणाले.

"तिचा चेहरा बघितला का? किती रडली. म्हंजे मनाला लागलं असणार गं तवा. लग्नाच्या घरात कमी पडणं म्हंजे."

मी तिला तिथंच सगळं सांगून टाकणार होते. पंगत उठली नव्हती, खवा उरला होता, तू कुणाचं काही देणं लागत नव्हतीस. शब्द अगदी ओठांवर होते. पण मग दाजी कशासाठी गेले, हे तिनं विचारलं असतं. मी तिकीट दुमडत बसले.

घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले, देवापुढं नारळ ठेवला आणि कॉम्प्युटरच्या खोलीत गेली. रुमाल झटकून बाजूला ठेवला. माल पोचला, असं भरलं. बिल काढलं. सगळं तिचं तिनं केलं, मला एकही गोष्ट विचारली नाही. ती ओळ करडी झाली.

"आता ही बी उघडायची न्हाय ना?"

"नाही."

"तुला बी न्हाय?"

"मलापण नाही," मी म्हणाले.

"बरं झालं," आक्का म्हणाली. "आता कुणी म्हणायचं न्हाय, उगंच गेले म्हणून."

मग तिनं पलीकडच्या भट्टीवर फोन लावला आणि उद्यापासून सगळं दूध इकडंच पाठवायला सांगितलं. मी पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ तिथंच उभी राहिले.